हाक मारण्याआधी

'राखण' हे नाव बोराटेंनी ठेवलं,
सोमवार पेठेत, बँकेच्या तळघरात,
ज्या रात्री डिस्क काठोकाठ भरली
आणि हडपसरचं एटीएम
ऐन पेन्शनच्या दिवशी मुकं झालं.

दोनशे ओळींचा प्रोग्रॅम. ना खिडकी, ना बटण.
काळ्या पडद्यावर नाव टाइप करायचं,
मग फाइल, मग मर्यादा,
मग कुणाला सांगायचं ते.
मदत मागितली तर एवढंच उमटतं:
"फाइल वाढली की सांगेन. एकदाच सांगेन.
उगाच चालवून पाहू नये."

दर तीस सेकंदांनी ती उठते,
फाइलचं फक्त वजन बघते.
कुणी किती काढले, कुणाचा पिन तीनदा चुकला,
तिला देणंघेणं नाही.
रद्दीवाला प्रेमपत्रंही किलोनेच घेतो, तशी.
नव्वद एमबी. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याण्णव.
शंभर झाले की लिहिणाऱ्याला इशारा:
वही भरली, बाजूला ठेव, नवी घे.

इशारा पोचवणाऱ्या आज्ञेचं नाव मात्र भयंकर.
किल.
मी नवी होते, एंटरवर बोट अडलं.
बोराटे म्हणाले, "अहो वैराट,
आपण हाक मारतो, शिट्टी मारतो,
गाठ मारतो, मिठी मारतो,
जेवण झालं की डुलकी मारतो.
यात कोण मेलं?
नऊ नंबर तेवढा खरा मारतो, त्याला कान नाहीत.
पंधरा म्हणजे, आवरा आता.
आणि एक म्हणजे पलीकडून फोन ठेवला.
पूर्वी लोक तारेवरून यंत्राशी बोलायचे.
फोन कटला की यंत्राने समजायचं, माणूस गेला.
आता तोच इशारा आपण
नव्याने सुरू कर म्हणून वापरतो."
एवढं बोलून डबा उघडला. गवारीची भाजी होती.

परवा, रात्री तीन वाजून दहा.
फाइल एकशे चाळीस. एकशे साठ.
राखणीच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं:
सांगितलं, ४१२७ला.
लिहिणारा जुन्याच वहीत लिहीत सुटलेला,
आणि व्याजाची बेरीज करणाऱ्या
भलत्याच एका बिचाऱ्याने
मधेच मान टाकलेली.

मी बोराटेंना फोन लावला.
बोट आधी गेलं, आठवण मागून आली:
वैकुंठात मी स्वतः होते,
दीड वर्ष झालं.

आणि फोन उचलला गेला.
कोवळा आवाज, मागे यंत्रांची घरघर.
चाकणला रात्रपाळीवर होता पोरगा.
नंबर त्याला श्रावणात मिळालेला.
"लई फोन येतात त्यांना," म्हणाला,
"कुणी नर्सरीवाले, कुणी व्याही.
काय सांगू सगळ्यांना?"
मला काही सुचलं नाही.
राँग नंबर, म्हटलं, आणि ठेवला.

बराच वेळ पंख्यांचा आवाज ऐकत बसले.
मग ४१२७कडे नीट पाहिलं.
रविवारी वीज गेली, सर्व्हर पुन्हा उठला,
लिहिणाऱ्याला नवा क्रमांक मिळाला,
जुना यंत्राने दुसऱ्याला देऊन टाकला.
राखणीच्या चिठ्ठीवर अजून जुनाच.
ती बरोबर वेळेला, बरोबर शब्दांत,
भलत्याच दारावर थाप मारून आली होती.

दोनशे ओळींत चार ओळी घातल्या:
हाक मारण्याआधी नाव विचार.
जुळलं तरच बोल.
नाही जुळलं तर वैराटला उठव.
खाली तारीख. वर बोराटेंचं नाव होतं,
त्याला हात लावला नाही.

फाइल शून्यावर आली.
मग चारशे बारा. मग नऊशे.
वर रस्त्यावर दुधाचे क्रेट आपटत होते,
साडेपाचला कॅशियर नेनेकाकांचा व्यायाम सुरू होतो
तो जिन्यातून ऐकू आला.

चाकणच्या त्या पोराचं नाव
विचारायचं राहूनच गेलं.
माझ्या मोबाइलमध्ये तो अजून
'बोराटे सर' आहे.